पापाचा वाटा

आषाढ लागला की आमच्या गल्लीत पावतीपुस्तक बाहेर निघतं. पंचगंगेला आलेलं नवं पाणी घागरीतून त्र्यंबोलीच्या टेकडीवर न्यायचं, पुढं पी-ढबाक वाजवणारे, मागं डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका, आणि मग गल्लीत बकऱ्याचे वाटे. वर्गणीच्या कामात मंडळाची पोरं कुणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. मागच्या महिन्यात भाड्यानं आलेला असो, कुलूप घालून पुण्याला लेकाकडं गेलेला असो, दारात कुत्रं बांधलेला असो, गाठायचा म्हणजे गाठायचा. फक्त एका दारापुढनं ही पोरं जरा भरभर चालतात. नऊ वर्षं झाली. कुणी ठराव केला नाही, कुणी दवंडी पिटली नाही. त्या घराचं नाव पावतीवर पडत नाही, म्हणून वाट्यांच्या यादीतही येत नाही, एवढंच.

वर्गणी मागायला कुणी येत नाही याचंही माणसाला दुःख होऊ शकतं, हे मला पन्नाशीपर्यंत कोल्हापुरात राहूनही माहीत नव्हतं.

त्या घरातला थोरला मुलगा कळंबा कारागृहात आहे. जन्मठेप. दुसऱ्या पेठेतल्या पोरांशी कुरबूर होती, ती एका रात्री चौकात वाढली, याच्या हातात कोयता होता, आणि विशीतला एक मुलगा मेला. गुन्हा झाला, कोर्टात सिद्ध झाला, शिक्षा लागली. माझ्या मते ती योग्यच लागली, आणि त्याच्या बाजूनं मी इथं एक अक्षरही लिहिणार नाही. मला लिहायचंय ते त्या घरात मागं राहिलेल्या चौघांबद्दल. त्यांच्यावर कसलंही आरोपपत्र नव्हतं.

त्याची आई, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते, एका खानावळीला भाकऱ्या थापून द्यायची. पंधरा दिवसांत मालकाचा निरोप आला, "थोडे दिवस राहू दे." ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. वडील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत. त्यांना कामावरनं काढलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. पण जेवणाच्या सुट्टीत ते आले की गप्पा थांबायला लागल्या, तेव्हा ते आपला डबा घेऊन एकटेच भट्टीमागं बसायला लागले. धाकटा तालमीत जायचा. वस्ताद काही बोलले नाहीत. बाकीच्या पोरांच्या आईबापांनी आपापली पोरं दुसऱ्या वेळेला पाठवायला सुरुवात केली, आणि मग तोच जायचा थांबला. मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. पाव्हण्यांकडनं निरोप असा आला: "पोरगी चांगली आहे हो, पण उद्या आमच्या नातवंडांना मामा काय करतो म्हणून कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

आणि मी काय केलं? त्या संक्रांतीला हळदीकुंकवाची यादी करताना आक्कांच्या नावाशी माझं पेन थांबलं. मी नाव खोडलं नाही. मुळात लिहिलंच नाही. पुढं एकदा कळंब्याच्या केएमटी बसमध्ये आम्ही समोरासमोर आलो. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत कपडे. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांकडं चाललेय." मी म्हटलं, "हो का." दोघींनाही ठाऊक होतं. त्या तुरुंगाच्या थांब्यावर न उतरता पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि उन्हातनं मागं चालत गेल्या. खिडकीतनं दिसत होतं.

या सगळ्याला गल्लीकडं एक शब्द आहे: संस्कार. "पोरगं असलं निघालं म्हंजे घरातच कायतरी कमी असणार की." ऐकायला हे वाक्य इतकं शहाणपणाचं वाटतं की कुणी त्याचा पुरावा मागत नाही. त्याच घरातला, त्याच आईच्या हातची भाकरी खाल्लेला धाकटा मुलगा रोज सकाळी सात वाजता शिरोलीच्या कारखान्यात कामाला जातो. संस्कारांचा दोष थोरल्यात उतरला असेल, तर धाकट्याचं श्रेय कुणाच्या नावावर मांडायचं? हे विचारलं की लोक म्हणतात, "तो बरा निघाला." म्हणजे वाईट निघाला तर घरामुळं, आणि चांगला निघाला तर नशिबानं.

या आरोपातही बापाला जरा सूट असते. बाप "बिचारा" होतो, दिवसभर कामावर असतो, त्याला काय कळणार. जाब विचारला जातो तो आईला. "लक्ष नको होतं का द्यायला?" लग्न झालेला असेल तर बायकोला. बायको नसेल तर "वेळेत लग्न केलं असतं तर सुधारला असता", म्हणजे जी बाई अजून घरात आलेलीच नाही, तिच्यावरही थोडं.

गंमत अशी की पोरगं चमकलं की त्यात गल्लीचा हिस्सा असतो. आमच्याकडं एक मुलगा राज्यसेवेची परीक्षा पास झाला, तर चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला, "गल्लीचं भूषण", खाली पस्तीस शुभेच्छुकांचे फोटो. त्यातल्या निम्म्यांनी त्याला कधी एक वही दिली नव्हती. हाच न्याय लावायचा तर कोयत्याच्या रात्रीनंतरही पस्तीस फोटो लागायला हवे होते. तो मुलगा रात्री बारापर्यंत कट्ट्यावर कुणाबरोबर बसायचा, हे त्याच्या आईपेक्षा कट्ट्याला जास्त माहीत होतं. कोयता घेऊन फोटो टाकल्यावर लाईक करणारे आम्हीच. पण अभिमान वाटून घ्यायला सगळी गल्ली, आणि शरम चार माणसांची.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण पोरांना हौसेनं सांगतो. तुझ्या पापात घरचे वाटेकरी होतील का, असं नारद विचारतात. वाल्या घरी जाऊन विचारतो. घरचे म्हणतात, आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तुला. लहानपणी मला ती बायको फार कृतघ्न वाटायची. आता वाटतं, सगळ्या गोष्टीत सरळ बोललेलं माणूस तेच. ज्यानं केलं त्यानं भोगावं, हे कुठल्याही फौजदारी कायद्याचं मूळ तिनं चुलीपुढं बसून सांगितलं, आणि प्रत्यक्ष नारदानं ते मान्य केलं. आपण वाल्याच्या बायकोला विचारायच्याही भानगडीत पडत नाही. बकऱ्याचा वाटा बंद, पापाचा वाटा घरपोच.

यावर कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की त्या बायकोनं लुटीचं धान्य खाल्लं होतं. घरचे नेहमी निष्पाप असतात असं मीही म्हणत नाही. पोराला लपवणारे बाप असतात, रक्ताचे कपडे धुणाऱ्या आया असतात, साक्षीदाराच्या दारात जाऊन दम देणारे भाऊ असतात. सुनेच्या छळाच्या कितीतरी प्रकरणांत सगळं घरच आरोपी असतं. पण त्यासाठी कायद्यात जागा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २४९ गुन्हेगाराला आसरा देणाऱ्याला शिक्षा सांगतं. त्यात अपवाद आहे तो फक्त पतीपत्नीला. जुन्या दंड संहितेतही तेवढाच होता. आईला ती सूट नाही. पोटच्या पोराला माळ्यावर लपवणाऱ्या आईला कायदा आरोपी करू शकतो, इतका तो कडक आहे. पण तोच कायदा आधी विचारतो: तिला माहीत होतं का? तिनं काय केलं? पुरावा काय? गल्ली यातला एकही प्रश्न विचारत नाही. आक्का त्या रात्री गावी, आजारी बहिणीजवळ होत्या. पोलिसांनी हे एका दिवसात तपासून घेतलं. गल्लीनं नऊ वर्षांत तपासलेलं नाही.

घरावर राग काढण्याची ही सवय फक्त गल्लीची नाही. आरोपीचं नाव टीव्हीवर आलं की दुसऱ्या दिवशी घरापुढं बुलडोझर, आणि ते बघून टाळ्या, हे काही वर्षं देशानं पाहिलं. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठानं त्यावर निकाल दिला: कुणी आरोपी आहे किंवा दोषी ठरलाय एवढ्यावरून घर पाडता येणार नाही, आधी किमान १५ दिवसांची नोटीस हवी, आणि एकाच्या गुन्ह्यासाठी घरातल्या सगळ्यांचं छप्पर काढून घेणं ही सामूहिक शिक्षा आहे. निकाल आला तेव्हा आमच्या गल्लीतही चर्चा झाली. बहुतेकांना तो पटला. घर पाडणं वाईटच, असं सगळे म्हणाले. मग सगळे उठून आपापल्या घरी गेले, त्या एका दारापुढनं जरा भरभर.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो जातपंचायतींना आवर घालायला आला आणि फार मोलाचा आहे. पण आमच्याकडं पंच कोण? वर्गणी न मागणं हा गुन्हा नाही. हळदीकुंकवाला न बोलावणं हा तर नाहीच. ज्याला कुणी हुकूम दिलेला नाही त्या बहिष्काराविरुद्ध फिर्याद कुणावर करायची?

कोल्हापूरला या विषयात अज्ञानाचं निमित्त सांगता येत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि काही जमातींतली पोरं पाळण्यातच गुन्हेगार ठरली. त्याच विचारातनं गावोगाव हजेरीची पद्धत होती. चोरी केलेली असो वा नसो, ठरावीक जातीत जन्मलो म्हणून रोज पाटलापुढं उभं राहून आपण इथंच आहोत हे सांगायचं. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना, ज्यांच्या नावानं लोक दारं लावून घेत, त्यांनी पहाऱ्याची कामं दिली. देशातला तो गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. रक्तातनं गुन्हा वाहत नाही हे या शहरानं बाकीच्या देशाच्या तीस-चौतीस वर्षं आधी ऐकलं. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला आपण हार घालतो. हजेरी मात्र चालू आहे. फक्त पाटलाच्या जागी शेजारी आलेत.

आपल्या सगळ्या महाराष्ट्राची ही जुनी खोड आहे म्हणा. आळंदीच्या चार भावंडांना "संन्याशाची पोरं" म्हणून दारात उभं न करणारे त्यांचे शेजारीच होते. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तरी पोरांकडं शुद्धिपत्र मागितलं गेलं. त्या पोरांचं पुढं काय झालं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण कायम त्यांच्या बाजूनं असतो. सातशे वर्षांपूर्वीच्या पोरांच्या बाजूनं उभं राहायला काही लागत नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो एका गोष्टीचा. हा बहिष्कार गुन्ह्यावर असता तरी मी थोडं समजून घेतलं असतं. तो गुन्ह्यावर नसतोच. ज्यांच्यावर अर्धा डझन गुन्हे आहेत त्या "दादां"चे वाढदिवस आपल्या चौकाचौकांत साजरे होतात, आणि त्यांच्या मातोश्रींच्या पाया पडायला रांग लागते. ठेवीदारांचे पैसे बुडवलेल्या संचालकाच्या मुलीचं लग्न मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट कार्यालयाबाहेर गाड्या लावायला जागा नसते. त्या आयांना संस्कारांबद्दल कुणी विचारत नाही. संस्कार विचारायचे ते भाकऱ्या थापणाऱ्या बाईला, कारण तिच्यावर रागावून आपलं काही बिघडत नाही.

आणखी एक विसंगती, जी कोल्हापुरातच घडू शकते. अंबाबाईच्या मंदिरात भाविकांना मिळणारे प्रसादाचे लाडू काही वर्षं कळंबा कारागृहातल्या कैद्यांनी वळले. आपण ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले, पाव्हण्यांना पाठवले. त्यात मला काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. उलट तो निर्णय ज्यानं घेतला त्याचं कौतुक आहे. पण ज्या हातांनी खून केला त्या हातांचा लाडू चालतो, आणि त्याला जन्म दिला एवढाच जिचा संबंध, तिच्या हातचा तिळगूळ चालत नाही, याचा ताळमेळ मला लावता आलेला नाही.

एक मुद्दा मी इतका वेळ टाळतेय. ज्याचा जीव गेला त्याचीही आई आहे, दुसऱ्या पेठेत, चालत पंधरा मिनिटांवर. तिच्यासमोर बसून हा लेख वाचायची माझी हिंमत होणार नाही. तिचं दुःख आणि आक्कांचं दुःख एका तागडीत घालायचं नाही. एकीचा मुलगा महिन्यातनं जाळीपलीकडं का होईना दिसतो, दुसरीचा फोटोत आहे. त्या घराला आक्कांचं तोंड बघायचं नसेल तर तो त्यांचा अधिकार, त्यांना कुणी क्षमेचे धडे देऊ नयेत. पण आमच्या गल्लीनं जे केलं ते त्या घरासाठी केलं का? आमच्यातलं कुणी खटल्याच्या तारखांना त्या आईसोबत गेलं? तिच्या दुसऱ्या मुलाच्या फीचं काय झालं, विचारलं? नाही. वर्षश्राद्धालाही कुणी गेलं नाही. तिच्या दुःखाचा उपयोग आम्ही फक्त आक्कांच्या दारापुढनं भरभर चालण्यासाठी केला.

शरमेचा धाक असला की पोरं वचकून राहतात, असंही सांगितलं जातं. शरम वाटते त्याला ज्याच्याकडं ती आधीच आहे. कट्ट्यावरच्या पोराला, कोयत्याची रील टाकणाऱ्याला, आपल्यामागं बहिणीचं लग्न मोडेल हा विचार त्या क्षणी सुचत नाही. तो सुचतो आईला. आणि म्हणून होतं काय, तर पोराच्या गादीखाली कोयता सापडला की आई तो पोलिसांत नेऊन देत नाही, गुपचूप विहिरीत टाकते. चौकीची पायरी चढली तर सगळी गल्ली बघणार. घराची अब्रू जितकी एका पोराला टांगलेली, तितकं घर त्याला झाकणार. बिंदू चौकातल्या उपकारागृहाच्या भिंतीलगत मुलाखतीसाठी थांबलेल्या बायका तोंडावर पदर ओढून उभ्या असतात. बरोबरच्या पोरांना सांगितलेलं असतं, बाबा कामाला गेलेत. राज्याची बाल संगोपन योजना महिन्याला २,२५० रुपये देते आणि कारागृहातल्या पालकांच्या मुलांचाही तिच्यात विचार केलाय. पण बाप आत आहे हे त्यासाठी कुठल्यातरी टेबलावर सांगावं लागतं, आणि नेमकी तीच गोष्ट लपवण्यात त्या घराचं आयुष्य चाललेलं असतं.

खर्चाचं तर बोलायलाच नको. वकील, तारखा, कॅन्टीनसाठी पाठवायचे पैसे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं, त्याचा आनंद वकिलांइतकाच या घरांना झाला असेल. त्याआधी अपिलाची चौकशी करायची म्हणजे रात्रीची मुंबईची गाडी आणि दोन दिवसांचा पगार.

कैद्याला वर्षातनं काही दिवस घरी यायची जी संचित रजा मिळते, जिला सगळे फर्लो म्हणतात, तिच्यासाठी नातेवाइकानं जामीन राहावं लागतं, आणि पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. तो घरी आला तर शांतता बिघडेल का, हे पोलीस आजूबाजूला विचारतात. म्हणजे ज्या गल्लीनं घर वाळीत टाकलं, तिलाच हा माणूस परत येऊ द्यायचा का, हे विचारलं जातं. उद्या तो कायमचा सुटेल तेव्हाही त्याला उभं करणारं दार एकच असेल. ते आपण बंद पाडलं, तर त्याला हाक मारायला कट्टा आहेच.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत हवालदार आले, त्याच कामासाठी. तीन-चार घरांत जबाब घेतले. एका घरानं सांगितलं, आमची हरकत आहे. एकानं सांगितलं, आम्हाला यात पाडू नका. मी सांगितलं, हरकत नाही, दिवस भरून गप परत गेला तर आमचं काही म्हणणं नाही. हवालदार लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मान वर न करताच विचारलं, "त्यांच्याकडं येणं-जाणं आहे का तुमचं?"

आक्कांचं दार माझ्या दारापासून आठ पावलांवर आहे. मी "नाही" म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढं सरकवला.